खटका कुणी पाडला?

आमच्या डोंबिवलीच्या घरात सकाळी साडेसातला खट्ट आवाज होतो आणि पाठोपाठ बाथरूममधून आई ओरडते, "कोण रे तो मेला!" नेमकी डोक्याला शिकेकाई लावलेली असते आणि इन्स्टंट गीझरमधून अचानक गार धार.

मग खटका कुणी पाडला याचा तपास. बायको म्हणते माझी इंडक्शन तर कधीची चालू होती, चिरंजीव युनिफॉर्मची इस्त्री तशीच धरून "मी तर आत्ताच लावली", म्हणजे झालाच ना गुन्हेगार! पण एमसीबी, म्हणजे वीज आपोआप तोडणारा हा खटका, लोड जास्त झाल्या झाल्या पडत नाही, आतली पट्टी तापून वाकायला मिनिट-दोन मिनिटं घेते (शॉर्ट सर्किट असेल तर मात्र लगेच), त्यामुळे शेवटचं बटण दाबणारा उगाच शिव्या खातो.

मी बिलाच्या पाठीवर हिशोब मांडला. गीझर ३००० वॉट, इंडक्शन २०००, इस्त्री १०००, भागिले २३० व्होल्ट, म्हणजे २६ अँपिअर आणि एमसीबी १६ ची! बिल्डिंग जुनी, पॉवरचे सगळे पॉइंट एकाच लाईनवर. बाबा म्हणाले, "आमच्या वेळी फ्यूज उडाला की दोन पदरी तार घालायची, विषय संपला."

शेवटी वायरमन बोलावला. म्हटलं १६ ची काढून ३२ ची टाक रे बाबा, कटकट नको. तो टेस्टर तोंडात धरून माझ्याकडे असा बघायला लागला की जणू मी किडनीच मागितली. "काका, एमसीबी तुमच्यासाठी नसते, वायरसाठी असते. आत अडीचची (अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) वायर आहे, ३२ टाकली तर खटका पडणार नाही, भिंतीतली वायर जळेल." मग एक बोर्ड उघडून काळं पडून वितळलेलं टोक दाखवलं. ते बाबांच्या दोन पदरी तारेच्या काळातलं असणार, पण बाबा पेपर वाचत होते.

गीझरला वेगळी चारची वायर आणि वेगळी एमसीबी टाकायची ठरली, पण भिंत फोडायची तर दिवाळीनंतर. जाता जाता त्याने टीव्हीमागे हात घातला. "आणि ही १५०० वॉटची किटली कुणाची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेव्हिंगचं पाणी हो, दोन मिनिटांचं तर काम! हिशोबात राहून गेली एवढंच.

तर आता फ्रिजवर टाइमटेबल लागलंय. आई सात, इस्त्री रात्री, किटली पहाटे पावणेपाच.