ठसकाभाऊ, पत भांडायलाच लागते

ठसकाभाऊ,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, तिथल्या तिथे दोन परिच्छेद खरडले आणि पुसून टाकले. चिडून लिहिले होते, दुसरं काही नाही. आज रविवार. तर्री-पोहे झालेत, डोकं थंड आहे. उत्तर लांबणार हे दिसतंय, म्हणून प्रतिक्रियांच्या रकान्यात न कोंबता वेगळं टाकतोय.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मराठी चर्चास्थळांवर आयडी न उडता, म्हणजे खातं बंद न होता, नाव कसं कमवावं, यावर मी चार सल्ले दिले होते. आधी महिनाभर रोमात राहा, म्हणजे नुसतं वाचा. संपादकांशी वाद असेल तर खासगी निरोपातून घाला. स्वतःच्या लेखांचे दुवे जपून द्या. चुकलात तर त्याच धाग्यावर, म्हणजे त्याच चर्चेत, कबूल करा. त्यावर ठसकाभाऊ म्हणतात:

‘दादा, थोडक्यात काय तं मान खाली घालून बसा, जुन्या मेंबरायची वाहवा करा, मंग तुम्हाले इज्जत भेटन. यालेच पत म्हनता काय? याले आमच्याकडे चमचेगिरी म्हनते. अन् महिनाच काऊन, सव्वा महिना काऊन नाही? मले तीन जागून उडवलं. तिन्ही वेळा मी खरं बोललो होतो. संत्र्याच्या धाग्यावर एक जण झाडाले पाणी तोडून द्यायच्या ताणाबद्दल काहीही सांगून राह्यला होता, त्याले बोललो तं आयडीच गेला. तसंही आता उत्तरं एआय देते, पत कायले पायजे?’

महिन्याचं आधी मिटवतो. तो आकडा मी हवेतून काढला होता, तुम्ही बरोबर पकडलंत. पण वाचण्याचा मुद्दा सोडत नाही. जगातली बरीच चर्चास्थळं डिस्कोर्स नावाच्या प्रणालीवर चालतात. तिच्यात सभासदाच्या विश्वासाच्या पायऱ्या असतात, शून्य ते चार. शून्यावरून एकवर जायला मूळ मांडणीत काय लागतं? ५ धागे उघडायचे, ३० प्रतिसाद वाचायचे, एकूण १० मिनिटं वाचनात घालवायची. एक अक्षरही लिहावं लागत नाही. दुसऱ्या पायरीला १५ दिवसांची हजेरी, १०० प्रतिसादांचं वाचन, तीन धाग्यांवर स्वतःचं लिहिणं, शिवाय एक पसंती दिलेली आणि एक मिळालेली. ही प्रणाली काढणाऱ्यांत जेफ ॲटवुड होते. त्याआधी २००८ साली त्यांनी जोएल स्पोल्स्की यांच्याबरोबर स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांचं संस्थळ काढलं, तिथे गुण मिळतात ते लिहिण्याचे: उत्तराला पसंतीचं मत पडलं की १०, विचारणाऱ्यानं उत्तर स्वीकारलं की १५. स्टॅक ओव्हरफ्लोवर लिहिण्याला गुण, नंतरच्या डिस्कोर्सवर वाचण्यानं पायरी. मला तरी हा फरक बोलका वाटतो. तर माझा महिना मागे घेतो. दहा मिनिटं वाचा.

आता चमचेगिरी. हा शब्द लागला, खोटं कशाला बोलू.

माझ्या वडिलांचं नागपूरच्या महाल भागात छोटं किराणा दुकान होतं. माल इतवारीच्या बाजारातून यायचा, उधारीवर. एकदा तुरीच्या डाळीच्या पोत्यात वरची चार बोटं डाळ चांगली आणि खाली सगळी किडलेली निघाली. वडिलांनी पोतं सायकलवर घातलं, इतवारीत गेले आणि भर गर्दीत त्या व्यापाऱ्याला नाही नाही ते बोलले. मी दहा वर्षांचा असेन. सायकल धरून उभा, आता आपला माल बंद होणार म्हणून पोटात गोळा. व्यापाऱ्यानं वही काढली, मागची पानं चाळली, पोतं बदलून दिलं आणि वर चहा मागवला. परत येताना वडील एवढंच म्हणाले, ‘आठ वर्षांत आपला एक हप्ता चुकला नाही.’

चमचा असता तर किडकी डाळ विकत बसला असता, ठसकाभाऊ. पत होती म्हणून ओरडता आलं. मी ‘पत’ म्हणतो ती ही. धाग्यांवर तीस वेळा कामाचं लिहिलेला माणूस एकतिसाव्या वेळी ‘हे साफ चूक आहे’ म्हणाला, की लोक थांबून वाचतात. पहिल्याच प्रतिसादात तेच वाक्य टाकणाऱ्याचं काय होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. स्टॅक ओव्हरफ्लोवर तर हा हिशेब उघड मांडलाय. नापसंतीचं मत द्यायचा हक्क मिळायला आधी १२५ गुण लागतात, आणि कुणाच्या उत्तराला तुम्ही असं मत दिलंत की त्याचे २ गुण जातात, तुमचाही १ जातो. म्हणजे विरोध करायचाय, जरूर करा, पण पदरचं मोडून.

‘मी खरं बोललो होतो’ यावर थोडं. इंग्रजी विकिपीडियावर एक नियम आहे: एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं लिखाण उलटवलंत तर तुम्हाला रोखलं जाऊ शकतं. पानाची उघड नासधूस कुणी करत असेल तर गोष्ट वेगळी, पण ‘माझी बाजू बरोबर होती’ ही सबब चालत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा अन्याय वाटला होता. पण दोघंही स्वतःला बरोबरच समजत असतात, त्याशिवाय चौथ्यांदा उलटवायला कोण जातं? बंदी येते ती बहुतेक वेळा मतामुळे नाही, ते मत कसं आणि किती वेळा आदळलं त्यामुळे.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. माझाही आयडी उडालेला आहे. मागच्या लेखात हे लपवलं, ती चूक.

घरगुती उपकरणांवरचं एक मराठी चर्चास्थळ होतं. एप्रिलचा शेवट, नागपूर तापलेलं, आणि जो तो कूलरबद्दल विचारून राहिला होता: ताट्या वूडवूलच्या (लाकडाच्या तंतूंच्या) घ्याव्या की हनीकोंबच्या (पोळ्यासारख्या जाळीच्या)? मी माझ्या ब्लॉगवर यावर लांबलचक लिहिलं होतं. वूडवूल स्वस्त, पण दर उन्हाळ्यात बदला. हनीकोंब जास्त टिकतं, पण बोअरच्या जड पाण्याचे क्षार बसले की भोकं बुजतात, वगैरे. माहिती चांगली होती, आजही तेच सांगीन. मी काय केलं, शोध मारून कूलरचे सात धागे काढले, त्यातले दोन तर तीन वर्षं जुने, आणि सातही ठिकाणी तोच परिच्छेद आणि खाली ब्लॉगचा दुवा चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडतो तर वर लाल पट्टी: ‘एकच मजकूर सात धाग्यांवर. खातं १४ दिवस वाचनमात्र.’

१४ दिवस गप्प बसलो असतो तर गोष्ट तिथेच संपत होती. मी त्याच दुपारी डु-आयडी, म्हणजे डुप्लिकेट आयडी, काढला. वेगळं नाव, वेगळा ईमेल, आणि जाब विचारणारा एक धागा. अर्ध्या तासात पहिला प्रतिसाद आला: ‘मुळात.. स्वागत आहे..’ झालं. मला प्रत्येक वाक्यानंतर दोन टिंबं द्यायची खोड होती, आणि ‘मुळात’शिवाय माझं वाक्य सुरूच होत नसे. अख्खं संस्थळ हसत होतं. संध्याकाळी दोन्ही आयडी कायमचे गेले. (टिंबं तेव्हापासून सोडली. ‘मुळात’ अजून सुटत नाही.)

पुढे तीन महिन्यांनी, पाऊस लागून कूलर माळ्यावर गेल्यावर, संपादकांना चार ओळींचा ईमेल केला. ‘एकच मजकूर सात ठिकाणी टाकला. बंदी असताना दुसरा आयडी काढला. दोन्ही चुका माझ्या. परत घेतलंत तर विचारल्याशिवाय दुवा देणार नाही.’ त्याआधी दीड पानी मसुदा लिहिला होता, त्यात इतर कोण कोण दुवे टाकतात याची यादीसुद्धा होती. बायकोनं वाचला आणि म्हणाली, ‘हे माफीपत्र आहे की आरोपपत्र?’ मग चार ओळी राहिल्या. नऊ दिवसांनी उत्तर आलं, एकच शब्द: ‘ठीक.’

तुमचा संत्र्याचा धागा मी काल शोधून वाचला. तुमचा प्रतिसाद काढलाय, पण खाली एकानं तो जसाच्या तसा उद्धृत केलाय: ‘कधी बागेत पाय तरी ठेवला काय बे पुस्तकी पोपटा? तुमच्यासारख्यायमुळेच शेतकरी मरून राह्यला.’ आता मूळ प्रश्न आठवा. नरखेडकडच्या एका माणसानं विचारलं होतं, आंबिया बहारासाठी (संत्र्याच्या हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी) पाणी तोडायचंय, जमीन भारी आहे, ताण किती दिवस द्यावा? पोपटरावांनी सरसकट एक मुदत सांगितली. तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं: हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या मातीत ओल धरून राहते, तिथे जास्त दिवस लागतात. पण हे वाक्य तुमच्या प्रतिसादात नाहीच! ते माझ्याजवळ आलं, तुमच्या प्रतिक्रियेच्या वर न दिलेल्या भागात; तिथे फक्त पोपट आला. पुढचे चाळीस प्रतिसाद भाषेच्या सभ्यतेवर आहेत. लोक पॉपकॉर्न घेऊन बसले, धाग्याला टाळं लागलं, आणि नरखेडवाल्याला शेवटपर्यंत उत्तर मिळालं नाही.

समजा असं लिहिलं असतं: ‘ही मुदत हलक्या जमिनीला ठीक आहे. आमची बाग काटोलकडे भारी मातीत आहे, तिथे एवढ्या दिवसांत झाडाला ताण बसलेला मी पाहिला नाही. तुमचा अनुभव कोणत्या जमिनीतला?’ शेवटचा प्रश्न खवचट आहे, कबूल. बाग पाहिलेली नसेल तर पोपटराव तिथेच उघडे पडतात, आणि तुमचा आयडी उडवायला कुणाच्या हाती काही लागत नाही. ठसका तोच, फक्त फोडणीत.

आता तुमचं जे बरोबर आहे ते. कंपूबाजी असते. १९९६ पासून मायबोली हे मराठी संस्थळ चालू आहे, नंतर मनोगत आलं, मिसळपाव आलं; या सगळ्या जगात वावरलेला कुणीही सांगेल की जुन्यांचे गट होतात आणि नव्याला कोपऱ्यात घेतलं जातं. मी लेखात हे गाळलं, कारण मी स्वतः आता जुन्यांत मोडतो. एवढंच पाहा की जुन्या सभासदाची शिवीगाळ नव्याच्या शिवीगाळीइतक्याच लवकर काढली जाते का. दोन तापलेले धागे वाचले की कळतं. काढली जात नसेल तर तिथली पत कंपूपुरतीच चालते, बाहेर तिला कुणी विचारत नाही. अशा ठिकाणाहून स्वतःहून निघावं. उडवून घेऊन अभिमान बाळगायचीही गरज नाही.

मोठ्या मंचांवर आणखी एक प्रकार होतो. तुम्ही लिहिता, तुम्हाला दिसतं, पण इतर कुणालाच दिसत नाही. बरेच दिवस कुणी उत्तरच देत नसेल तर लॉगआउट होऊन आपला प्रतिसाद शोधून बघा. आणि बंदी खरंच अन्यायाची वाटत असेल तर २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांप्रमाणे मंचाला तक्रार निवारण अधिकारी ठेवावा लागतो. त्यानं २४ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि ७ दिवसांत (२०२६ च्या बदलाआधी १५) ती निकाली काढायची, असं त्यात आहे. आयडी परत मिळेलच असं नाही, पण कारण विचारता येतं.

एआयचं दोन वाक्यांत. स्टॅक ओव्हरफ्लोनं डिसेंबर २०२२ मध्येच, चॅटजीपीटी येऊन आठवडा होतो न होतो तोच, त्यानं लिहिलेली उत्तरं चिकटवायला बंदी घातली, कारण ती दिसायला झकास आणि बऱ्याचदा चुकीची असत, आणि तपासणाऱ्यांचा जीव जात असे. तुमचे पोपटराव त्याचीच हाताने चालणारी आवृत्ती होते.

तुमची प्रतिक्रिया मी तशीच ठेवली आहे. तुम्ही एका सभासदाचा मोबाइल नंबर टाकला होता, तेवढा गाळलाय. तो परत टाकू नका.

आणि नरखेडवाल्याचा प्रश्न अजून उभाच आहे. पाणी तोडायचे दिवस तोंडावर आलेत. भारी मातीत ताण बसला हे तुम्ही झाडाकडे बघून कसं ओळखता, ते इथे खाली लिहा. तिथे मी ते तुमच्या वतीनं टाकणार नाही, तो पुन्हा डु-आयडीचाच प्रकार होईल. पण त्या माणसाला इथला दुवा खासगी निरोपातून पाठवू का, असं तिथल्या संपादकांना काल रात्रीच विचारून ठेवलंय. उत्तर अजून आलेलं नाही. तोवर तुम्ही लिहायला घ्या.