‘ड्रॉ ठरलेला, स्कोअरही ठरलेला’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

माझ्या भाच्याचे साडेतीन हजार रुपये गेले. पोरगं बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पेठेतल्या तालमीकडून लेफ्ट बॅक खेळतं, आणि चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेची बाद फेरी सुरू झाली की रात्री दीडच्या मॅचसाठी गजर लावून उठतं. कोल्हापुरात अशी पोरं गल्लोगल्ली आहेत. पैसे कुठे गेले विचारलं तर त्यानं फोन पुढे केला. “मामा, हे वाच. तिथं सगळं आधीच ठरलेलं असतंय.”

मेसेज तालमीच्या ग्रुपवर आला होता आणि त्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असा शिक्का होता. त्यातले दावे असे: कोण कोणाशी खेळणार याची सोडत, म्हणजे ड्रॉ, काढताना संघांच्या चिठ्ठ्या असलेले चेंडू गरम आणि थंड करून ठेवतात, म्हणजे हवा तो हाताला ओळखू येतो. २०२१ मध्ये चोरी उघडी पडली म्हणून ड्रॉ दोनदा काढावा लागला. बार्सिलोनाने पॅरिसला ६-१ हरवलेली मॅच आणि माद्रिदच्या अल्वारेझ या खेळाडूची रद्द झालेली पेनल्टी हे स्क्रिप्टचे पुरावे. अवे गोलचा नियम (दोन सामन्यांची बेरीज बरोबरीत सुटली तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे) मोठ्या क्लबांसाठी रद्द केला. आणि शेवटी: सगळं ठरलेलंच आहे, तर ठरलेला स्कोअर आमच्याकडून घ्या. खाली एका चॅनेलची लिंक.

वरचे चार दावे या शेवटच्या ओळीसाठी रचले आहेत. तरी आधी त्यांच्याकडे बघू, कारण माझ्या भाच्याने विश्वास ठेवला तो त्यांच्यावर.

२०२१ पासून सुरुवात करतो, कारण मेसेजचा सगळा भार त्यावर आहे. १३ डिसेंबर २०२१, स्वित्झर्लंडमधलं न्योन, युएफा या युरोपातल्या फुटबॉल संघटनेचं मुख्यालय. राउंड ऑफ सिक्स्टीनचा, म्हणजे शेवटच्या सोळा संघांच्या फेरीचा ड्रॉ चालू होता आणि चिठ्ठ्या काढायला पाहुणा म्हणून रशियाचा माजी खेळाडू आंद्रेई अर्शाविन आला होता. नियम दोन: एकाच गटातले दोन संघ समोरासमोर येणार नाहीत, आणि एकाच देशातले दोन संघही नाहीत. व्हियारियालसाठी चेंडू काढला तर मँचेस्टर युनायटेड निघालं. दोघे एकाच गटातले, त्यामुळे तो चेंडू बाजूला ठेवून दुसरा काढला आणि मँचेस्टर सिटी आली. इथवर ठीक. पुढचा नंबर अ‍ॅटलेटिको माद्रिदचा. त्यांच्यासमोर युनायटेड येऊ शकत होतं, पण त्यांचा चेंडू भांड्यात घातलाच नाही. उलट अ‍ॅटलेटिकोच्याच गटातल्या लिव्हरपूलचा घातला. कोणते संघ पात्र आहेत हे सांगणारं सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं होतं आणि त्यात बिघाड झाला, असं युएफाने सांगितलं. तो ड्रॉ रद्द करून त्याच दिवशी दुपारी दुसरा काढला.

आता रद्द काय झालं ते बघा. पहिल्या ड्रॉमध्ये शेवटची जोडी निघाली होती पॅरिस सेंट जर्मेन विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. त्या वर्षी मेस्सी पॅरिसमध्ये होता आणि रोनाल्डो युनायटेडमध्ये. मेस्सी विरुद्ध रोनाल्डो! जाहिरात, तिकीट, टीव्ही, कशाच्याही हिशेबाने जगात याहून महाग सामना नव्हता. चेंडू गरम करून ड्रॉ काढणारी माणसं असती, तर हा सामना हाती लागल्यावर त्यांनी तो सगळ्या जगासमोर फाडून टाकला असता का? दुसऱ्या ड्रॉमध्ये युनायटेडला अ‍ॅटलेटिको मिळाली आणि पॅरिसला रियाल माद्रिद. रियालला आधी बेनफिका मिळाली होती, त्यामुळे ते चिडले. बरं, सुपर लीग या मोठ्या क्लबांच्या वेगळ्या स्पर्धेच्या बेतावरून रियाल आणि युएफाचं तेव्हा उघड भांडण होतं, आणि पॅरिसचे अध्यक्ष युरोपियन क्लब संघटनेचे प्रमुख म्हणून युएफाच्या जवळचे. मग युएफाने जवळच्या माणसाला सोपा पेपर दिला का? पॅरिस त्याच फेरीत बाहेर पडली. ९ मार्च २०२२ ला बेन्झेमाने दुसऱ्या हाफमध्ये तीन गोल मारले आणि पुढे रियालने कप उचलला.

ढिसाळपणा होता, हे मला मान्य आहे. एवढ्या मोठ्या संस्थेला शोभणारा तो प्रकार नव्हता. पण ढिसाळपणा म्हणजे कट नव्हे.

गरम-थंड चेंडूंबद्दल अर्धी गोष्ट खरी आहे, तीही सांगतो. फिफाचे माजी अध्यक्ष सेप ब्लाटर २०१६ मध्ये ‘ला नासिऑन’ या अर्जेंटिनाच्या वर्तमानपत्राला म्हणाले होते की युरोपातल्या ड्रॉमध्ये असे प्रकार आपण पाहिलेत. फिफात मात्र असं कधी झालं नाही, असंही तेच म्हणाले. त्यांनी ना ड्रॉचं नाव घेतलं, ना तारीख दिली. त्याआधी सहाच महिन्यांपूर्वी फिफाच्या नीतिमत्ता समितीने त्यांच्यावर बंदी घातलेली होती. ते बोलले हे खरं. तो पुरावा नव्हे.

शिवाय आता ड्रॉमध्ये ठरवण्यासारखं उरलंय किती? २०२४-२५ पासून ३६ संघांची एकच लीग आहे. पहिले आठ थेट राउंड ऑफ सिक्स्टीनमध्ये, आणि नववा ते चोविसावा संघ आधीच्या प्ले-ऑफमध्ये. प्ले-ऑफच्या जोड्या क्रमांकावरून लागतात. ड्रॉ दोनपैकी एकाच निवडीचा. भाचा मला म्हणाला, “सिटी आणि रियाल दरवर्षी कसे काय भेटतात?” २०२५ चंच घे. सिटी बाविसावी आली, रियाल अकरावी आणि बायर्न बारावा. म्हणजे सिटीसमोर रियाल किंवा बायर्न, दोनच चेंडू. ही वेळ सिटीवर आणली कोणी? लीगच्या १४४ सामन्यांनी. २९ जानेवारीच्या रात्री अठरा मॅच एकदम चालू होत्या आणि हाफ टाइमला सिटी ब्रुजविरुद्ध ०-१ ने मागे होती. तशीच मॅच संपली असती तर सिटी स्पर्धेबाहेर. हे ज्याला ठरवता येईल त्याला चेंडू गरम करायची गरज काय?

बार्सिलोनाच्या ६-१ ला मी फार वेळ देणार नाही. ८ मार्च २०१७ ची मॅच मी जागून पाहिली. रेफरीचे काही निर्णय वाईट होते आणि पॅरिसच्या पाठिराख्यांचा राग मला समजतो. तेव्हा या स्पर्धेत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय, नव्हती. ती आली २०१९ च्या राउंड ऑफ सिक्स्टीनपासून. पण दोनपैकी पहिल्या सामन्यात (लेगमध्ये) ४-० हरायचं आणि परतीच्या मॅचमध्ये ९५ व्या मिनिटाला सर्जी रॉबर्तोने पाय लांब करून बॉल आत ढकलायचा, असं कोणी लिहून ठेवत नाही.

अल्वारेझचं वेगळं आहे, ते मलाही लागलं होतं. १२ मार्च २०२५, अ‍ॅटलेटिको विरुद्ध रियाल, शूटआउट. पोराचा पाय घसरला आणि उजव्या पायाने मारताना डावा पाय बॉलला पुसटसा लागला. दोनदा स्पर्श झाला म्हणून गोल रद्द. नियम तेव्हा तसाच होता. युएफाने व्हिडिओ दाखवला आणि नियमाचा फेरविचार व्हावा असंही म्हटलं. त्याच वर्षी जूनमध्ये नियम करणाऱ्या मंडळाने स्पष्ट केलं की चुकून दोनदा लागून बॉल आत गेला तर पेनल्टी पुन्हा घ्यायची. नियम कठोर होता आणि तो बदलला. ज्यांनी स्क्रिप्ट लिहिली असं म्हणता, तेच नियम बदला म्हणत होते.

अवे गोलचा नियम १९६५ पासून होता आणि जून २०२१ मध्ये काढला. तो होता तेव्हा २०१९ च्या राउंड ऑफ सिक्स्टीनमध्ये त्याच नियमावर मँचेस्टर युनायटेड पुढे गेलं होतं. युनायटेड काही छोटा क्लब नव्हे. पुढे.

आता त्या लिंककडे येतो. युरोपात फिक्सिंग होतच नाही असं मी म्हणत नाही. अल्बानियाच्या स्केंडरबेउ क्लबवर युएफाने २०१८ मध्ये त्यासाठीच दहा वर्षांची बंदी घातली. पण खरी फिक्स झालेली मॅच ज्याला ठाऊक आहे तो ती साडेतीन हजाराला कोल्हापुरातल्या पोराला विकेल का? बातमी फुटली की भाव पडतो, हे सट्ट्यातलं कोणीही सांगेल.

मग त्या लिंकवरच्या चॅनेलने पैसे घेण्याआधी भाच्याला सांगितलेले तीन अंदाज बरोबर कसे आले? बाद फेरीत बरोबरी टिकत नाही. दोन लेगनंतर कोणीतरी एकच पुढे जातो. आठशे पोरांपैकी चारशेंना सांगायचं हा संघ जाणार, चारशेंना सांगायचं तो जाणार. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं. उरलेल्या चारशेंचे पुन्हा दोन भाग. तीन जोड्यांनंतर शंभर पोरं उरतात, आणि त्यांनी सलग तीन अंदाज खरे ठरलेले डोळ्यांनी पाहिलेले असतात. पैसे या शंभरांकडे मागायचे. माझा भाचा त्या शंभरातला.

पैसे भरल्यावर जो स्कोअर आला तो चुकला. त्याने जाब विचारला तर त्याला चॅनेलमधला जुना मेसेज दाखवला: “बघ, आम्ही बरोबरच सांगितलं होतं.” मी फोन हातात घेऊन तो मेसेज मोठा करून पाहिला. वेळ रात्री ११.४० ची, मॅचच्या आधीची. त्या वेळेच्या शेजारी फिकट अक्षरात एक शब्द होता: एडिटेड. मॅच संपल्यावर स्कोअर बदलला होता. पोराला तो शब्द दिसलाच नव्हता. त्यानंतर त्याला चॅनेलमधून काढलं.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट दिले. तालमीच्या ग्रुपवर आणखी दोघांनी पैसे भरले होते, ते काल रात्री घरी येऊन सांगून गेले. त्यातल्या एकाने आईच्या खात्यातून भरलेत आणि तिला अजून सांगितलेलं नाही. ज्यांनी तो मेसेज पुढे पाठवला त्यांनी तो आजच्या आज काढावा, आणि ज्यांना पाठवला त्यांना फोन करून हे सांगावं.