पाच-नऊ, पण कॉलसाइन काय म्हणालात?

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या, स्पर्धेत प्रत्येक संपर्काची सुरुवात थापेने होते. समोरच्याचा आवाज कसा येतोय हे दोन आकड्यांत सांगायचं असतं. पहिला आकडा स्पष्टपणाचा, ५ पैकी; दुसरा जोराचा, ९ पैकी. 'पाच-नऊ' म्हणजे माणूस शेजारच्या गॅलरीतून बोलतोय इतका खणखणीत. प्रत्यक्षात तो खरखराटाच्या तळाशी कण्हत असतो. तरी त्याला पाच-नऊच मिळतात, कारण लॉग, म्हणजे संपर्कांची वही, ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने ते आधीच भरून ठेवलेले असतात आणि बदलायला वेळ कोणाला आहे? त्यामुळे कॉलसाइन, म्हणजे समोरच्याचं अक्षर-आकड्यांचं रेडिओवरचं नाव, धड ऐकू आलेलं नसतानाही हवेत असले संवाद सर्रास चालतात : "तुम्ही पाच-नऊ. कॉलसाइन पुन्हा सांगा. पुन्हा. शेवटचं अक्षर पुन्हा."

या स्पर्धांतली सगळ्यांत मोठी जत्रा म्हणजे 'सीक्यू वर्ल्ड वाइड'. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी ती तोंडाने बोलून होते, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्समध्ये. शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू, सोमवारी पहाटे ५ वाजून २९ मिनिटांनी बंद, मध्ये ४८ तास. देवाणघेवाण एवढीच : पाच-नऊ आणि आपल्या झोनचा, म्हणजे जगाच्या नकाशावरच्या विभागाचा, क्रमांक. आपला २२, जर्मनीचा १४, जपानचा २५. घरच्यांना हे पटवणं हा स्पर्धेचाच एक भाग धरावा.

"काय म्हणाला रे जर्मनीवाला?"

"पाच-नऊ चौदा."

"आणि तू?"

"पाच-नऊ बावीस."

"हवापाणी, मुलंबाळं, काहीच नाही?"

"आई, त्याच्यामागे चाळीस जण रांगेत आहेत."

"त्यांनाही हेच सांगणार?"

हो. त्यांनाही हेच.

गुणांचा हिशोबही घरात सांगण्यासारखा नाही. दुसऱ्या खंडातल्या स्टेशनचे आपल्याला ३ गुण, आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशाचा १ आणि स्वदेशी माणसाचे शून्य. म्हणजे जर्मनी ३, जपान १, नागपूर ०. पण प्रत्येक बँडवर (म्हणजे लहरींच्या पट्ट्यावर) पहिल्यांदा मिळालेला देश आणि पहिल्यांदा मिळालेला झोन गुणाकारात धरतात. त्यामुळे शून्य गुणांचा नागपूरकर गुणाकाराचे दोन आकडे खिशात घालून येतो. कामाला शून्य, मान मोठा. प्रत्येक बँडवर एकदा त्याला जावयासारखं आग्रहाने बोलवावं लागतं.

ऑक्टोबरची स्पर्धा बहुतेकदा दिवाळीच्या आगेमागे येते. सोसायटीभर एलईडीच्या माळा लागतात आणि त्यांचे स्वस्त अडॅप्टर ४० मीटरचा बँड खाऊन टाकतात. कोणी बोलत नसताना रेडिओवरचा जोर दाखवणारा काटा सातवर चिकटलेला दिसला की रेडिओ बॅटरीवर घ्यायचा आणि स्वतःच्या घराचा मेन स्विच पाडायचा. खरखर थांबली तर चोर घरातच आहे. एकेक अडॅप्टर काढून तो शोधावा आणि त्याची वायर फेराइटच्या (खरखर अडवणाऱ्या) कड्यातून सहा-सात वेढे देऊन न्यावी. (नुसतं चिमट्यासारखं बसवायचं कडं एका वेढ्यात फारसं काही करत नाही.) नाही थांबली, तर मध्यम लहरींवर लावलेला खिशातला ट्रान्झिस्टर कानाशी धरून जिने चढावे लागतात. कोणाच्या दारासमोर तो जास्त खवळतो ते कळतं. बेल वाजवून काय बोलायचं ते अजून कुठल्या हस्तपुस्तिकेत नाही.

पण हे सगळं पंगतीतलं श्रीखंड. खरा छळ सोमवारपासून. लॉग पाच दिवसांत आयोजकांना पाठवायचा, मग ते तो बाकीच्यांच्या लॉगशी ताडून बघतात. आपण ज्याला लिहिलं त्याच्या लॉगमध्ये आपण नसलो, किंवा त्याचं कॉलसाइन आपण चुकीचं उतरवलं, तर तो संपर्क जातोच, वर त्याच्या दुप्पट गुणांचा दंड. मोर्समध्ये 'एस' तीन टिंबं, 'एच' चार, '५' पाच. पहाटे तीन वाजता मिनिटाला तीस शब्दांच्या वेगात चार टिंबं आणि पाच टिंबं ओळखून दाखवणाऱ्याला साष्टांग नमस्कार.

आणि एवढं करून संपर्क 'झाला' असं होत नाही. शंभर देशांचं डीएक्ससीसी प्रमाणपत्र हवं असेल तर शंभर देशांकडून खात्रीही हवी. आपल्याकडे आधी पत्रिका बघतात, मग लग्न. इथे लग्न दहा सेकंदांत लागतं आणि पत्रिका नंतर जुळवत बसायच्या. तो कारभार अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संस्थेच्या 'लॉगबुक ऑफ द वर्ल्ड' या ऑनलाइन वहीत चालतो, २००३ पासून. आधी लायसन्स आणि ओळखपत्राच्या प्रती पाठवून आपण आपणच आहोत हे सिद्ध करायचं. मग मिळतं डिजिटल प्रमाणपत्र, तेही तीन वर्षांपुरतं. त्याची बॅकअप फाइल पेनड्राइव्हवर न ठेवता कॉम्प्युटर फॉरमॅट करणारे लोक पुन्हा रांगेत दिसतात.

छत्तीस गुण नकोत, चारच हवेत : कॉलसाइन, बँड, मोड (बोलून की मोर्समध्ये) आणि वेळ. पण चारही. वेळेला अर्ध्या तासाची सूट आहे, कॉलसाइनला एका अक्षराचीही नाही.

आपली पत्रिका अडते ती वेळेवर. लॉग यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहायचा, आणि यूटीसीचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उजाडतो. रविवारी रात्री एक वाजता झालेला संपर्क, म्हणजे कॅलेंडरने सोमवार, लॉगमध्ये रविवारचा, १९:३० चा. नवख्यांना हे महिनोन् महिने कळत नाही. आजीला पटकन कळलं असतं : सूर्योदयाला जी तिथी, ती दिवसभराची, रात्री बारानंतर तारीख बदलते हे तिने कधी मानलंच नाही.

नेहमीचा अपघात असा. माणूस हुशारीने कॉम्प्युटरचं घड्याळ हाताने मागे घेऊन यूटीसी लावतो, पण विंडोजमधला टाइम झोन भारताचाच राहतो. सॉफ्टवेअर बिचारं त्यातून आणखी साडेपाच तास वजा करतं. ४८ तासांचा लॉग साडेपाच तास मागे सरकतो आणि अर्ध्या तासाच्या सवलतीत एकही बसत नाही. म्हणून घड्याळ भारतीयच ठेवावं, वजाबाकी सॉफ्टवेअरला करू द्यावी. चूक झालीच असेल तर सगळ्या नोंदींत साडेपाच तास मिळवून फाइल पुन्हा चढवायची. आधीच्या नोंदी काढता येत नाहीत. त्या तिथे बिनलग्नाच्या बसून राहतात.

ज्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नाही ते कागदी क्यूएसएल कार्ड, म्हणजे संपर्काची पोचपावती, मागतात. साधारण ९ बाय १४ सेंटिमीटरचं. त्यावर खाडाखोड चालत नाही. एक आकडा गिरवला की ते कार्ड प्रमाणपत्राच्या कामातून गेलं. महिना अक्षरांत लिहावा, कारण ३/११ म्हणजे आपला नोव्हेंबर आणि अमेरिकेचा मार्च. घाई असेल तर थेट पाकीट : आत कार्ड, पत्ता लिहिलेलं परतीचं पाकीट आणि टपालखर्चाला दोन-तीन डॉलर. पाकिटावर कॉलसाइन मात्र लिहू नये. जगभरच्या टपालात त्याचा अर्थ 'आत डॉलर आहेत' असा लागतो, आणि तो वाचणारे तिथे असतात. घाई नसेल तर क्यूएसएल ब्यूरो, म्हणजे कार्डांची ने-आण करणारी कचेरी : देशवार गठ्ठे बांधायचे आणि विसरून जायचं. विसरणं महत्त्वाचं, कारण उत्तराला दोन-तीन वर्षं सहज लागतात.

मग एक दिवस ब्यूरोचा गठ्ठा येतो आणि त्यात एक असं कार्ड निघतं, ज्याचं कॉलसाइन आपल्या लॉगमध्येच नाही. अशा वेळी 'लॉगमध्ये नाही' असं लिहून परत पाठवण्याआधी त्या तारखेचं, त्या मिनिटाच्या आजूबाजूचं पान उघडावं. नव्वद टक्के तो माणूस तिथेच सापडतो, फक्त आपण त्याचा 'डी' 'बी' करून ठेवलेला असतो. तीन वेळा विचारलं होतं, तिन्ही वेळा त्याने सांगितलं होतं. त्याच्या नावापुढे आपण दिलेला रिपोर्ट बघावा : पाच-नऊ.