आफ्रिका म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा भारत नव्हे

गेले काही महिने उद्योजकांच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय. मला तो पाच जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली ‘मग कधी निघायचं?’ असंही लिहिलं होतं. थोडक्यात मजकूर असा: आफ्रिका म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा भारत. दीडशे कोटींची बाजारपेठ, वाढता मध्यमवर्ग, स्पर्धा नाही. इथं चाललेलं मॉडेल उचला, एक चांगला एजंट नेमा, एका देशात पाय रोवा, बाकीचे देश आपोआप मिळतील. आणि नफा डॉलरमध्ये. शेवटची ओळ: आत्ता गेलात तरच, नाहीतर गाडी चुकली.

मी बरीच वर्षं निर्यातीच्या कागदपत्रांचं आणि वसुलीचं काम करतो. आफ्रिकेत जाऊ नका असं मी कुणाला सांगितलेलं नाही, आजही सांगणार नाही. पण या मजकुराच्या भरवशावर कुणी कारखाना गहाण ठेवणार असेल तर मला गप्प बसवत नाही.

पहिला दावाच घ्या, ‘वीस वर्षांपूर्वीचा भारत’. सगळे देश एकाच वाटेनं चाललेत आणि त्या वाटेवर आपण पुढे आहोत, असं यात धरून चाललंय. केनियात सफारीकॉम या मोबाइल कंपनीनं एम-पेसा सुरू केलं २००७ साली. साध्या बटणांच्या फोनवरून माणसं गावी पैसे पाठवायला लागली. आपल्याकडे यूपीआय आलं २०१६ मध्ये. या बाबतीत केनिया आपला भूतकाळ नव्हता, आपणच नऊ वर्षं मागे होतो. जो माणूस ‘हे आम्ही सगळं बघून झालोय’ अशा मनानं तिथं उतरतो, त्याला समोरचं दिसत नाही.

‘इथलं मॉडेल उचला.’ हे भारती एअरटेलनं करून पाहिलंय, तेही आपल्यापैकी कुणाहीकडे नसेल एवढ्या ताकदीनं. २०१० साली त्यांनी झेन या कुवेती कंपनीचा आफ्रिकेतल्या १५ देशांतला व्यवसाय घेतला. व्यवहार १०.७ अब्ज डॉलरचा, बराचसा कर्ज काढून. हिशोब भारतात सिद्ध झालेला होता: दर पाडा, लोक जास्त बोलतील, मिनिटांच्या राशीतून पैसा येईल. तिथं दर पडले, पण बोलणं त्या प्रमाणात वाढलं नाही. वस्ती विरळ, ठिकठिकाणी टॉवर डिझेलवर चालणारे, आणि प्रतिस्पर्ध्यांनीही दर उतरवले. तोट्यात वर्षांमागून वर्षं गेली. अनेक देशांतले टॉवर विकावे लागले, बुर्किना फासो आणि सिएरा लिओनमधला व्यवसाय २०१६ मध्ये ऑरेंजला देऊन टाकावा लागला. आज एअरटेल आफ्रिका ही त्यांची तिथली कंपनी उभी आहे, २०१९ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात तिची नोंदणीही झाली. पण मधली ती वर्षं सोसायला मागे केवढा मोठा घरचा धंदा होता, ते या मजकुरात कुठेच नाही.

उलट उदाहरण बजाजच्या बॉक्सरचं. आपल्या रस्त्यांवरून ही मोटरसायकल कधीच दिसेनाशी झाली. नायजेरियात ती ‘ओकाडा’ झाली, युगांडा-केनियात ‘बोडा बोडा’, म्हणजे भाड्यानं माणसं वाहणारी टॅक्सी. दणकट सांगाडा, लांब सीट, कुठल्याही टपरीवर दुरुस्त होणारं इंजिन. ती तिथं चालली, कारण तिथल्या माणसाला तिच्यावर रोजची कमाई करता येत होती. भारतात आज काय खपतं, याचा त्याच्याशी संबंधच नव्हता. आणि तरीही फेब्रुवारी २०२० मध्ये नायजेरियातल्या लागोस राज्यानं शहराच्या मोठ्या भागात ओकाडांवर बंदी आणली. माल उत्तम, गिऱ्हाईक तयार, आणि सरकारच्या एका आदेशानं मागणीचा मोठा तुकडा गेला. या धंद्यात असाही दिवस येतो.

मध्यमवर्गाबद्दल थोडक्यात. आफ्रिकेतला तिसरा हिस्सा मध्यमवर्ग आहे, हा आकडा आफ्रिकन विकास बँकेच्या २०११ च्या अहवालातून पसरला. त्यात रोजचा खर्च २ ते २० डॉलर असलेला प्रत्येक जण मध्यमवर्गीय धरला होता, आणि त्यातले निम्म्याहून जास्त लोक २ ते ४ डॉलरवाले होते. एका आजारपणात खाली घसरतील अशी ही माणसं. नेस्लेनं त्या मध्यमवर्गाच्या अपेक्षेनं विस्तार केला आणि २०१५ मध्ये २१ देशांतली १५ टक्के माणसं कमी केली. अंदाज चुकला, हे त्यांच्या अधिकाऱ्यानं उघडपणे मान्य केलं.

‘एक देश पकडा, बाकीचे आपोआप.’ केनियात एवढं गाजलेलं एम-पेसा दक्षिण आफ्रिकेत नेलं, आणि २०१६ मध्ये बंद करावं लागलं. तिथं बहुतेकांची बँकेत खाती आधीच होती. नायजेरियात तर दूरसंचार कंपन्यांना हा धंदा करायची परवानगीच कित्येक वर्षं मिळाली नाही. देश ५४, चलनं चाळिसाहून जास्त. आफ्रिकी देशांनी आपसात केलेल्या मुक्त व्यापार कराराचा दाखला लोक देतात. त्याखालचा व्यापार १ जानेवारी २०२१ पासून सुरू झाला खरा, पण त्यातली करसवलत आफ्रिकेत तयार झालेल्या मालाला आहे. इथून केनियातल्या मोंबासा बंदरात उतरवलेला तयार माल पुढे युगांडात गेला म्हणून आफ्रिकेचा होत नाही.

स्पर्धा नाही म्हणणाऱ्यांनी एकदा नैरोबीतल्या फोनच्या दुकानात उभं राहावं. टेक्नो, आयटेल, इन्फिनिक्स हे तिन्ही ब्रँड शेनझेनच्या एकाच कंपनीचे, ट्रान्शनचे. सावळ्या चेहऱ्याचा फोटो नीट यावा म्हणून कॅमेरा वेगळा बसवला, वीज जाते म्हणून बॅटरी मोठी दिली, अम्हारिक भाषेचा कीबोर्ड दिला, २०११ पासून इथिओपियात जुळणी सुरू केली. मैदान रिकामं नाही.

आता सगळ्यात धोकादायक शब्दावर येतो: ‘नफा डॉलरमध्ये’. तुमचं नायजेरियातलं गिऱ्हाईक नायरात पैसे देतं, केनियातलं शिलिंगमध्ये देतं, झांबियातलं क्वाचात देतं. डॉलर मध्यवर्ती बँकेकडे असतात, आणि ती देईल तेव्हाच मिळतात. २०१५ मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेनं ४१ प्रकारच्या मालासाठी अधिकृत दरानं डॉलर द्यायचं बंद केलं. त्या यादीत तांदूळ होता, पाम तेल होतं, दात कोरायच्या काड्यासुद्धा होत्या. हा निर्बंध उठायला २०२३ चा ऑक्टोबर उजाडला.

त्याच वर्षी जूनमध्ये नायजेरियानं नायरा मोकळा सोडला, म्हणजे त्याचा दर बाजारावर सोपवला. त्याआधी अधिकृत दर डॉलरला साधारण ४६५ नायरा होता, पुढच्या फेब्रुवारी-मार्चपर्यंत तो १,५०० च्या वर गेला. म्हणजे तुमच्या तिथल्या खात्यात १ कोटी नायरा असतील, तर कागदावर ते २१,५०० डॉलर होते आणि नऊ महिन्यांत ६,६०० च्या आसपास आले. विक्री घटली नाही, गिऱ्हाईक तुटलं नाही, मालात खोट नाही, आणि दोन तृतीयांश पैसा गेला. एअरटेल आफ्रिकेनं मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात ८.९ कोटी डॉलर तोटा दाखवला, त्याचं मुख्य कारण हेच. पी अँड जीनं नायजेरियातलं उत्पादन थांबवून फक्त आयात करायचं ठरवलं. एमिरेट्सला तिकिटांचे पैसे बाहेर काढता येईनात म्हणून २०२२ मध्ये नायजेरियाची विमानंच बंद केली होती. एवढ्या मोठ्यांची ही गत असेल, तर साठ दिवसांच्या उधारीवर माल सोडणाऱ्या लघुउद्योजकाचं काय होईल? म्हणून मी प्रत्येकाला आधी विचारतो: लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेनं दिलेली पैशांची हमी, बाहेरच्या बँकेनं कन्फर्म केलंय का? ईसीजीसी या निर्यातदारांना विमा देणाऱ्या सरकारी कंपनीचा विमा घेतलाय का? गिऱ्हाइकानं पैसे भरूनही त्याच्या देशातून ते बाहेर पडले नाहीत तर भरपाई मिळते, हे बऱ्याच जणांना मी सांगेपर्यंत माहीतच नसतं.

‘चांगला एजंट नेमा’ हे मला जिव्हारी लागतं, कारण ते मी जवळून पाहिलंय. नायजेरियात माल जहाजावर चढण्याआधी आयातदाराला त्याच्या बँकेतून ‘फॉर्म एम’, म्हणजे आयातीची आगाऊ नोंद, काढावी लागते. माझ्याकडे काम असलेल्या एका छोट्या उत्पादकाला तिथल्या एजंटचा निरोप आला: तुम्ही माल चढवा, फॉर्म दोन दिवसांत येतोय. मी नको म्हणालो. ऑर्डर हातची जाईल या भीतीनं त्यांनी माल चढवला. फॉर्म आला नाही. शिपिंग लाइनच्या संकेतस्थळावर कंटेनरच्या नंबरासमोर ‘डिस्चार्ज्ड, अपापा’, म्हणजे लागोसच्या अपापा बंदरावर उतरवला, एवढंच दिसायचं, आणि ते गृहस्थ रोज सकाळी तेच पान उघडून बघायचे. फुकट दिवस संपले, मग रोजचं डेमरेज, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचा दंड, डॉलरमध्ये चढत गेलं, बंदराचं भाडं वेगळं. एजंट फोन उचलायचा, गोड बोलायचा. शेवटी बिल मालाच्या किमतीजवळ पोचलं तेव्हा त्यांनी माल सोडून दिला. त्या बंदरावर त्यांचा स्वतःचा एकही माणूस नव्हता. सगळं ‘इथून’ चाललं होतं.

‘आत्ता गेलात तरच, नाहीतर गाडी चुकली’ या शेवटच्या ओळीला उत्तर म्हणून तोलारामचं सांगतो. मूळ सिंधी कुटुंबाची ही सिंगापूरची कंपनी. १९८८ मध्ये, लष्करी राजवटीत, नूडल्स म्हणजे काय हेही फारसं कुणाला माहीत नसलेल्या नायजेरियात त्यांनी इंडोमी आणायला सुरुवात केली. १९९५ मध्ये तिथंच कारखाना टाकला. नंतर पीठ, तेल, वेष्टनं असं एकेक हाताशी घेतलं, आयात कमी केली, म्हणून डॉलरची टंचाई आली तरी चूल विझली नाही. बंदराचा त्रास सोसून झाल्यावर चिनी भागीदारासह लागोसजवळ लेक्की इथं नवं बंदरच बांधलं. त्याचं उद्घाटन २०२३ च्या जानेवारीत झालं. नायरा कोसळला आणि परदेशी कंपन्या एकेक करून बाहेर पडू लागल्या, तेव्हा, जून २०२४ मध्ये, डियाजिओ या ब्रिटिश मद्यकंपनीनं गिनेस नायजेरिया या बिअर कंपनीतला आपला मोठा हिस्सा विकायला काढला. तो घ्यायला तोलाराम पुढे आली. तोवर तिला तिथं ३६ वर्षं झाली होती.