आपली दाढी काय 'तो' आहे?

फ्रेंचमध्ये दाढी स्त्रीलिंगी, मिशीही स्त्रीलिंगी आणि ब्रा पुल्लिंगी. पुण्यात डेक्कनच्या फ्रेंच क्लासात दर बॅचला यावर खसखस पिकते आणि कोणीतरी तावातावाने म्हणतंच, "काही लॉजिकच नाही हो या भाषेला!" अहो काका, आपली दाढी काय 'तो' आहे? मिशी तरी? आपलं डोकं नपुंसकलिंगी, त्याखालची मान स्त्रीलिंगी आणि त्याच मानेचा पुढचा भाग, गळा, पुल्लिंगी. फ्रेंचांची निदान दोनच लिंगं, आपली तीन! जर्मनमध्ये मुलगी नपुंसकलिंगी म्हणून हसणारे घरात "आमचं पोरगं" म्हणतात, ते चालतं.

फ्रेंच लोक सर्रास 'ल कोविड' म्हणजे 'तो कोविड' म्हणत होते, मग मे २०२० मध्ये भाषेत काय बरोबर ते सांगणाऱ्या त्यांच्या अकादमीने सांगितलं, हा आजार आहे आणि 'आजार' हा फ्रेंच शब्द स्त्रीलिंगी, तेव्हा 'ला', म्हणजे 'ती' म्हणा. पुण्यात अकादमीची गरजच नाही, प्रत्येक टेबलावर एक बसलेली आहे. ऑफिसात नुसतं "मेल आला" म्हणून बघा. पलीकडून लगेच, "आली!" तिसरा म्हणतो, "आलं." मेलमध्ये काय आलंय ते कोणीच वाचत नाही.