बसचा ठिपका पुरे झाला, आता डेपोत जा

'तंत्रज्ञानाच्या मदतीने शहर बस सेवा सुधारा' असा विषय दिला की विद्यार्थ्यांच्या हॅकेथॉनमध्ये (एक-दोन दिवसांत कोड लिहून काहीतरी बनवायची स्पर्धा) काय होणार हे मला आता तोंडपाठ झालंय. निम्म्या टीम नकाशावर सरकणारा बसचा ठिपका दाखवणार, उरलेल्यांपैकी बऱ्याच टीम चॅटबॉट करणार. परीक्षक खूश, फोटो, चेक, जेवण. सोमवारी बस आदल्या सोमवारइतकीच उशिरा.

ठिपक्याला मी नावं ठेवत नाही हां. सिएटलमध्ये २००८ साली ब्रायन फेरिस नावाच्या पीएचडी करणाऱ्या पोरानं 'वनबसअवे' सुरू केलं, तेही बस कधी येणार एवढंच सांगायचं. नंतर त्यावर अभ्यास झाला. ज्यांच्याकडे ही माहिती नव्हती, त्यांना थांब्यावरचा वेळ खऱ्यापेक्षा जास्त वाटत होता. माहिती असलेल्यांना तसं वाटत नव्हतं. म्हणजे ठिपक्याचा उपयोग आहेच. पण ते टिकलं कशामुळे? पुढे तिथल्या वाहतूक संस्थेनं ते चालवायला घेतलं म्हणून. आपल्याकडचं सबमिशन निकालाच्या रात्रीच गिटहबवर (कोड ठेवायची साइट) अनाथ होतं.

आणि ठिपक्यामागे असते ती माहिती. जगभरातली बरीच वेळापत्रकं जीटीएफएस नावाच्या साच्यात असतात. २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या पोर्टलंडची वाहतूक संस्था ट्रायमेट आणि गूगल यांनी मिळून ही पद्धत बसवली. आत काही जादू नाही, झिपमध्ये बांधलेल्या साध्या टेक्स्ट फाइल्स: थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा. मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या दिवसाच्या हिशेबात धरायची म्हणून त्यात वेळ चक्क २५:१०:०० अशीही लिहितात. हे माहीत नसलं की रात्री १:१० ची बस ॲपमधून गुल! थांब्याचा अक्षांश-रेखांश जरासा हुकला की थांबा रस्त्याच्या पलीकडे जातो, आणि माणूस उलट्या दिशेच्या बसची वाट बघत बसतो. हे दुरुस्त करणं कंटाळवाणं काम आहे. त्याला बक्षीस कोण देतो?

एका हॅकेथॉनला मी परीक्षक होतो तेव्हा एका टीमनं ॲप केलंच नाही. बस खरोखर कुठे थांबते ते जीपीएसच्या नोंदींवरून काढलं, यादीतल्या थांब्यांशी ताडून पाहिलं आणि जिथे फरक, ती ओळ लाल केली. प्रेझेंटेशन म्हणजे एक भलीमोठी एक्सेल शीट. "यूजर कोण?" असा प्रश्न आला. मुलगी म्हणाली, "वेळापत्रक बनवणारे साहेब." हॉलमध्ये कुणीतरी हसलं. माझे गुण त्यांनाच होते, बक्षीस चॅटबॉटला गेलं.

बरं, ॲपनं न सुटणारी दुखणीही आहेत. अर्धा तास एकही बस नाही आणि मग एकाच नंबरच्या तीन, एकामागोमाग. पुढची बस जरा मागे पडली की थांब्यांवर गर्दी साचते, चढ-उताराला वेळ लागतो, ती आणखी मागे पडते. मागचीला माणसंच मिळत नाहीत, म्हणून ती येऊन चिकटते. गणितात हे १९६४ सालीच मांडून झालंय. त्यावर एक उपाय म्हणजे मागच्या बसला थांब्यावर जरा रोखून धरणं. कोडमध्ये दोन ओळी. प्रत्यक्षात बसमधले प्रवासी ओरडतात ते ड्रायव्हरवर. त्याला विचारल्याशिवाय ही कल्पना स्लाइडवर टाकू नये.

कोड लिहिण्याआधी बसमध्ये बसणारेही आहेत. नैरोबीत मटाटूंचा, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसचा, धड नकाशाच नव्हता. तिथल्या विद्यापीठातल्या पोरांनी फोन घेऊन गाड्यांतून फिरत मार्ग आणि थांबे नोंदवले, त्यातून २०१४ साली १३० च्या आसपास मार्गांचा नकाशा निघाला आणि पुढे शहरानं तोच अधिकृत म्हणून स्वीकारला.

आयोजक मंडळींपैकी कुणी वाचत असेल तर सांगतो. डेटा आठवडाभर आधी द्या. पहिली सकाळ पोरांना डेपोत पाठवा, कीनोट भाषण रद्द झालं तरी चालेल (कुणालाच वाईट वाटणार नाही). परीक्षकांत एक ड्रायव्हर आणि एक वेळापत्रकवाला बसवा. आणि निम्मं बक्षीस तीन महिन्यांनी द्या, डेपोतलं कुणी ती गोष्ट अजून वापरत असेल तरच. हे मान्य असेल तर पुढच्या वेळी मला बोलवा. नाहीतर माझ्या खुर्चीवर त्या ड्रायव्हरलाच बसवा.