'आपोआप लाइक-फॉलो' मेसेजबद्दल खुलासा

दांडिया बाजार भागातल्या आपल्या गृहउद्योगवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मॅनीचॅट, झॅपियर लावा, इंस्टाग्राम रात्रभर लोकांना लाइक-फॉलो करत राहील. मेटाची परवानगी आहे. फक्त पासवर्ड पाठवा.' हे खरं नाही. (मॅनीचॅट, झॅपियर म्हणजे मेसेज पाठवण्यासारखी कामं आपोआप करून देणारी ऑनलाइन टूल; मेटा म्हणजे इंस्टाग्रामची मालक कंपनी.)

बहिणीच्या फराळाच्या खात्यावर मॅनीचॅट मीच लावून दिलंय. चकलीच्या फोटोखाली कुणी 'भाव?' लिहिलं की त्यांना मेसेजमध्ये दरपत्रक जातं. हे नियमात बसतं, पण बिझनेस किंवा क्रिएटर खात्यालाच. तेही एका कमेंटला एकच मेसेज, ७ दिवसांच्या आत. समोरच्याने उत्तर दिलं की पुढे बोलायला २४ तास मिळतात. दुसऱ्यांच्या खात्यांना लाइक-फॉलो करायची सोय मेटाने बाहेरच्या टूलना दिलेलीच नाही.

आणि पासवर्ड? खातं जोडताना मेटाचंच लॉगिन पान उघडतं, टूलला पासवर्ड कळतसुद्धा नाही. मागणारा माणूस तुमच्या खात्यात स्वतः शिरू शकतो. वर्षानुवर्षं जोडलेली गिऱ्हाइकं त्या खात्यावर आहेत हो!

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच हा खुलासा टाका. पासवर्ड दिला असेल तर आत्ताच बदला.